इंदापुरात राहिलेली ज्युनिअर

बारामतीच्या आठवडे बाजारात मी मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत होते. तेवढ्यात मागून हाक आली, "म्याडम, ओ वकील म्याडम!" वकिली सोडून मला काही वर्षं झाली होती. एमआयडीसीतल्या एका दूध कंपनीच्या फायनान्स विभागात मी नोकरी करत होते आणि तिथं मला वकील म्हणणारं कुणी नव्हतं. वळून बघितलं तर निरवांगीचे एक आबा. इंदापूरला मी ज्या वकीलसाहेबांची ज्युनिअर होते, त्यांचे हे जुने पक्षकार. बांधावरून भावाशी भांडण, तेही पार आज्याच्या काळापासूनचं.

"तुमी सांगितलं तसंच केलं बघा," आबा म्हणाले. "दोघा भावांच्या बायकांस्नी आधी समोरासमोर बसवलं. निम्मं भांडण तितंच मिटलं."

"मी कधी सांगितलं, आबा?"

"आता काय म्हणावं! परवा फोनवर. साहेबांच्या हाफिसात फोन लावला, तुमीच उचलला की."

"मी तिथं नसते आता. कधीच सोडलं ते."

आबांना वाटलं, मी त्यांची थट्टा करतेय. "व्हय व्हय," ते हसले. "तुमचा आवाज वळखत न्हाय व्हय मी? बोला म्हणताना कसं वसकन अंगावर येता, ते दुसऱ्या कुनाला जमतंय?" एवढं बोलून ते पिशवी सावरत गर्दीत निघून गेले.

मी मेथी न घेताच कन्हेरीला घरी आले. म्हातारा माणूस, काहीतरी घोळ झाला असेल, असं मनाला सांगत होते. पण ते वसकन अंगावर येणं खरंच माझं होतं. कुणी उगाच फोन करून वेळ खातंय असं वाटलं, की मी "बोलाऽ" असं लांबवून म्हणायची. त्याबद्दल सरांनी मला कितीदा तरी झापलेलं होतं.

घरात कुणाला सांगायचीही पंचाईत. आमच्याकडं भुताखेताचं नाव काढायची सोय नाही. आजोबांनी धम्माची दीक्षा घेतलेली, वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षक म्हणून रिटायर झालेले. लहानपणी चिंचेखालून येताना भीती वाटली म्हटलं, की ते दिवसाढवळ्या मला त्याच चिंचेखाली नेऊन उभं करायचे. "दिसलं का काय? न्हाय ना? मग चल." त्यामुळं मी एकटीच त्या गोष्टीशी झगडत बसले. आणि मला त्या ऑफिसात फोन करणं भागच होतं, ही आणखी एक कटकट.

कारण असं. मी बिझनेस स्कूलला अर्ज केला होता. हा माझा दुसरा अर्ज. आदल्या वर्षी मुलाखतीलासुद्धा बोलावलं नव्हतं. चौकशी केल्यावर कळलं, की तुमच्या वकिलीच्या काळाबद्दल दुसऱ्या कुणाचा एक शब्दही अर्जात नाही, त्यामुळं ती वर्षं फुकट घालवल्यासारखी दिसतात. या वर्षी शिफारस कायद्याच्या क्षेत्रातल्या वरिष्ठाची हवीच होती, आणि मला वरिष्ठ म्हणून एकच माणूस माहीत. कंपनीनं सांगून टाकलेलं: यंदा प्रवेश मिळाला तर रजा देतो, पुढच्या वर्षीचा भरवसा धरू नका. माझं वय पस्तिशीकडं झुकलेलं. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

वकिली का सोडली, हे अर्जात नीट इंग्रजीत लिहिलं होतं. खरं कारण त्यात नव्हतं. सरांकडं बहुतेक दावे जमिनीच्या वाटपाचे. वादी मरायचा, मग त्याचे वारस रेकॉर्डवर घ्यायचे. त्यातला एक मरायचा, मग त्याचे वारस. दाव्याच्या पहिल्या पानावर मयत अमुक, मयत तमुक अशी रांग लागायची आणि मी त्या मेलेल्या माणसांच्या वतीनं अर्ज लिहायची. 'मयत वादीचं म्हणणं असं की.' सुरुवातीला हसू यायचं. नंतर नंतर दुपारी टेबलाशी बसलं, की खोलीत आपल्याशिवाय आणखी कुणीतरी तिष्ठत बसलंय असं वाटायला लागलं. फायनान्समध्ये निदान आपण पुढच्या तीन महिन्यांबद्दल बोलतो आणि तीन महिन्यांनी बरोबर का चूक ते कळतं. मला ते फार बरं वाटलं.

वडिलांना मात्र नाही. आमच्या भिंतीवरच्या फोटोतला कोट आणि माझा काळा कोट, या दोन्हींचं त्यांच्या मनात घट्ट नातं होतं. मी वकिली सोडल्यावर ते माझ्याशी बोलेनात. शेवटी मीच म्हणाले, "आप्पा, फोटोतल्या माणसानं कायद्याच्या आधी अर्थशास्त्रच केलं होतं." त्यांनी फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "लय शाणी हायस," म्हणाले आणि जेवायला बसले.

सरांचा निरोप मात्र मी कधी घेतलाच नव्हता. कंपनीकडून बोलावणं आलं, त्याच सुमारास सरांना अर्धांगाचा झटका आला. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी त्यांच्या बायकोला, काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, "तू जा. जरा बरे झाले की मी सांगते त्यांना." पुढं कळलं, की सर घरी आले, पण नजर जवळजवळ गेली आणि आठवणीचंही काही खरं राहिलं नाही. जुने दावे पाठ, सकाळचा नाश्ता आठवत नाही. कोर्टातली कामं इतर वकिलांकडं गेली. आबांसारखे जुने पक्षकार तेवढे सवयीनं फोन करायचे.

तर मी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, कंपनीच्या गेटबाहेरच्या लिंबाखाली उभी राहून त्या ऑफिसात फोन लावला.

"नमस्कार. वकीलसाहेबांचं ऑफिस. बोलाऽ."

तो माझा आवाज होता. माझ्यासारखा नव्हे, माझा. शेवटच्या शब्दाला येणारी ती तिडीकसुद्धा. भर दुपारी, ट्रकांची ये-जा चाललेली असताना मी लिंबाच्या बुंध्याला टेकले.

"कोण बोलतंय?" मी कसंबसं विचारलं.

माझा आवाज मला म्हणाला, "आपण कोण?"

मी फोन कट केला. आधी भीती वाटली, आणि मग भीतीपेक्षा संताप आला. माझ्या नावावर कोण बसलंय तिथं? सल्ले देतंय, फोन घेतंय, आणि वर मलाच विचारतंय आपण कोण! त्या आठवड्यात मी एक दिवस सुट्टी टाकली आणि इंदापूरची एसटी पकडली.

भवानीनगर, जंक्शन, निमगाव केतकी. या रस्त्यावरून मी वर्षानुवर्षं रोज ये-जा केली होती, पण त्या दिवशी कंडक्टरनं तिकीट देताना "आज उशीर?" असं विचारलं आणि मी घाईनं म्हणाले, मी नाही रोज येत. तो मागच्या बाईशी बोलत होता, हे नंतर लक्षात आलं. एकदा मनात किडा शिरला, की असंच होतं.

सरांचं घर कोर्टामागच्या गल्लीत. स्लॅबचं साधं घर, पुढची खोली म्हणजे ऑफिस. दुपार टळत आली होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. चपला काढता काढता मला आतून सरांचा आवाज ऐकू आला. ते मजकूर सांगत होते, जसे पूर्वी मला सांगायचे तसे. अर्धं वाक्य, मग थांबायचं. ज्युनिअरनं "झालं, सर" म्हणायचं, मग पुढचं अर्धं. सर कधी मान वर करून बघायचे नाहीत. 'झालं, सर' आलं, की पुढं.

"सबब प्रतिवादीचं म्हणणं," सर म्हणाले.

"झालं, सर," माझा आवाज म्हणाला.

मी दारातच थिजले. सर त्यांच्या खुर्चीत, डोळे छताकडं. समोर माझ्या खुर्चीत, माझा इथंच राहिलेला काळा कोट घालून, हातात पेन धरून काकू बसल्या होत्या. पासष्टी उलटलेली, पांढऱ्या केसांची बाई. तिनं तोंड उघडलं आणि त्यातून मी बाहेर पडले. "पुढं, सर?"

माझी चाहूल लागून काकूंनी वर बघितलं. दचकल्या नाहीत. एक बोट ओठांवर ठेवलं आणि दुसऱ्या हातानं मला बस अशी खूण केली.

मी कशाला बसतेय! "सर," मी म्हणाले. "सर, मी आलेय."

सरांनी माझ्या दिशेनं तोंड वळवलं. "कोण बाई? पक्षकार असाल तर बसा. अगं, नाव-गाव लिहून घे यांचं."

"हो, सर," काकू म्हणाल्या. आणि मग माझ्याकडं बघत, माझ्याच आवाजात, "नाव सांगा."

मी माझं नाव सांगितलं. दुसरं काय सांगणार?

सरांना मजा वाटली. "माझ्या ज्युनिअरचंही हेच नाव. गावही कन्हेरी? बघ गं, तुझ्या गावची निघाली. बोला, काम काय काढलंत?"

मी सांगितलं, की बिझनेस स्कूलसाठी शिफारस हवीय. सर म्हणाले, "ओळख ना पाळख, शिफारस कसली देऊ?" मग मात्र माझा तोल गेला. मी म्हणाले, सर, मीच तुमची ज्युनिअर, मी फायनान्समध्ये गेले, तुम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि या खुर्चीत बसल्यात त्या दुसऱ्याच कुणीतरी आहेत. काकूंचं नाव मात्र मी घेतलं नाही. का, ते मला तेव्हा कळलं नाही. जीभच वळली नाही.

सर चिडले नाहीत. उलट खुर्चीत सरसावून बसले. मी ती बसण्याची पद्धत ओळखत होते, उलटतपासाला उभं राहायच्या आधी ते असंच अंग सावरायचे. "ठीक," ते म्हणाले. "विहिरीच्या हक्काचा दावा. समोरच्याचा साक्षीदार म्हणत होता, मी जन्मभर याच विहिरीचं पाणी प्यालो. मी त्याला शेवटचा प्रश्न काय विचारला?"

मी त्या दिवशी कोर्टात त्यांच्या मागं उभी होते. साक्षीदाराचा हिरवा फेटा आठवला. जज्जांचा पंखा बंद पडला होता, ते आठवलं. प्रश्न आठवेना. मी आठवायची धडपड करत होते आणि ती जागा कोरी होती, पुसून घेतल्यासारखी.

"तू सांग," सर समोरच्या खुर्चीला म्हणाले.

"पाणी गोडं की मचूळ, असं विचारलंत, सर. आणि तो गप्प झाला."

"बघा बाई," सर मला म्हणाले. अगदी सौम्यपणे. खोट्या साक्षीदाराला कोर्टाबाहेर भेटल्यावर बोलायचे तसे.

क्षणभर, खोटं कशाला बोलू, माझा स्वतःवरचाच विश्वास डळमळला. वाटलं, खरंच मी ती नसेन. ती इथंच राहिली असेल आणि बारामतीला जी गेली ती कुणी भलतीच असेल.

सरांना जरा डुलकी लागल्यावर काकूंनी मला स्वयंपाकघरात नेलं. कोट अजून अंगातच. त्या बोलायला लागल्या तर आवाज चिरका, बारीक, गंजलेल्या कडीसारखा. तो त्यांचा स्वतःचा. बऱ्याच दिवसांत वापरलेला नसावा, असं वाटलं.

"घाबरलीस ना?" त्या म्हणाल्या. "मलाही पहिल्यांदा भीती वाटली बाई. घरी आणल्यापासून तुझ्या नावानं आरडाओरडा. ती कुठंय, ती का येत नाही. जेवेनात. आज सांगते, उद्या सांगते, असं करत तुम्हा वकिलांसारखी मी पुढची तारीख घेत राहिले. एके दिवशी टेबल पुसता पुसता तुझ्या खुर्चीत टेकले, तर म्हणाले, आलीस? लिही. माझ्या तोंडून निघून गेलं, हो सर. तुझ्यासारखं निघालं. मी मुद्दाम नाही केलं गं."

"आणि हे रोज?"

"रोज." काकूंनी साखरेचा डबा पुढं ओढला, परत मागं सरकवला. "लग्नाला इतकी वर्षं झाली, मला हे कधी लिही म्हणाले नाहीत. मत विचारलं नाही. आता विचारतात. निरवांगीच्या आबांचं काय करू म्हणाले, मी म्हटलं, सर, आधी दोघा भावांच्या बायका बसवा. हे चिडले. मी म्हटलं, सर, तुम्ही चुकताय. मी! यांना! आणि यांनी ऐकलं." त्यांचे डोळे चमकत होते. "संध्याकाळी म्हणतात, काकूंना सांग चहा टाकायला. की मी उठते, कोट काढते, आणि चहा घेऊन येते. मला म्हणतात, ती पोरगी फार हुशार आहे, तुला नाही कळायचं तिचं."

त्या खुदकन हसल्या. मी त्यांना माझ्या अर्जाचं सांगितलं. मुदत, कंपनीची रजा, यंदाचं शेवटचं असणं, सगळं. आणि म्हणाले, "काकू, तुम्हीच लिहून द्या ना, सरांच्या नावानं."

"छे!" काकू एकदम ताठ झाल्या. "खोटी शिफारस या ऑफिसातून जायची नाही." कोट घातलेल्या माणसानं बोलावं तसं बोलल्या. मग विचार करून म्हणाल्या, "तू बस खुर्चीत. मी दाराआड थांबते. खरी शिफारस माग त्यांच्याकडं, तेच देतील. तुझी आहे, तू माग."

"आणि तुमचं? ज्युनिअर जाते म्हटल्यावर?"

"चहापर्यंत विसरतील. आंघोळ केलेली विसरतात, हे काय घेऊन बसलीस. उद्या मी परत आहेच."

आम्ही दोघीही यावर विसंबलो. मी तर आनंदानं. काकूंनी कोट काढून दिला. तो माझाच होता, आत कॉलरला आईनं घातलेला टाका होता. पण बाही चढेना. तो उसवून, कापून, काकूंच्या मापाचा करून घेतलेला होता. सर अधूनमधून बाही चाचपतात, म्हणून नुसता खांद्यावर टाक, असं त्या म्हणाल्या. आणि मग मला शिकवायला लागल्या. "नुसतं सर नाही. सर म्हणायच्या आधी जरा दम खायचा. तू असं पटापट बोलत नाहीस."

"काकू, मी अशीच बोलते!"

"आता बोलत असशील," त्या म्हणाल्या.

मी खुर्चीत बसले. माझ्याच खुर्चीत, परक्याच्या घरी चोरून शिरल्यासारखी. सर जागे झाले. "आहेस का?"

"हो सर."

त्यांच्या कपाळावर आठी. "आवाजाला काय झालंय?"

दाराच्या फटीतून काकूंनी छातीवर हात ठेवून दम खाऊन दाखवला. मी तसं केलं. "हो... सर. घसा बसलाय." काकू माझा आवाज जसा काढायच्या, तसा मी काढला. सरांची आठी गेली. त्यांनी हात पुढं करून बाही चाचपली आणि मागं टेकले.

मी विचारलं. सर, मला पुढं शिकायला जायचंय. कायदा नाही, बिझनेस. तुमची शिफारस लागते.

सरांनी पुन्हा एकदा बाही चाचपून बघितली. मग ते म्हणाले, "लिही."

त्यांनी मजकूर सांगितला. इतकं चांगलं त्यांनी माझ्याबद्दल तोंडावर कधीच म्हटलं नव्हतं. माझी नजर गेल्यावर हिनं मला प्रत्येक कागद वाचून दाखवला. झालं, सर. रागाच्या भरात मी एक नोटीस पाठवणार होतो, ती हिनं अडवली. झालं, सर. बांधाच्या भांडणात कायद्याच्या आधी घरातल्या बायका बसवा, असं हिनं सांगितलं आणि मी चुकतोय हे मला तोंडावर ऐकवलं. अशी हिंमत माझ्यासमोर दुसऱ्या कुणी केलेली नाही. झालं, सर. त्यातलं एकही काम माझं नव्हतं. मी लिहीत गेले. दाराच्या फटीत काकूंचा पदर तेवढा दिसत होता.

"कॉलेज कधी?" शेवटी सरांनी विचारलं.

"जूनला, सर."

"मग आजपासून मोकळी. जाणाऱ्यानं रेंगाळू नये." आणि एका वकिलाकडून दुसऱ्याकडं केस जाते तेव्हा कोर्टात म्हणतात, तसं स्वच्छ आवाजात ते म्हणाले, "माझी काही हरकत नाही."

काकूंनीच कॉम्प्युटर सुरू केला, शिफारशीसाठी बिझनेस स्कूलकडून सरांच्या मेलवर आलेली लिंक उघडली. इंग्रजी मी केलं, सरांना मोठ्यानं वाचून दाखवलं, त्यांनी मान हलवली. पाठवायच्या आधी मी हात आखडला आणि हळूच म्हणाले, "काकू, हे सगळं तुमचं आहे."

"पाठव," काकू म्हणाल्या. "मुदत निघून जाईल."

मुलाखत पुण्यात झाली. पॅनेलवरच्या बाईंनी ते पान पुढं ओढून विचारलं, सीनियरला तुम्ही चुकताय असं सांगितलंत, तो प्रसंग सांगा. मी निरवांगीचे आबा सांगितले, दोघा भावांच्या बायका सांगितल्या, सरांचं चिडणं आणि मग ऐकणं सांगितलं. दम खाऊन, सावकाश, जसं मला शिकवलं होतं तसं. त्या बाई पुढं वाकून ऐकत होत्या. महिनाभरानं प्रवेशाचं कळलं. वडिलांनी गल्लीत पेढे वाटले. मी चोरी केली असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही मी तसं म्हणणार नाही. पण त्यातला एकही पेढा मी खाल्ला नाही, हे खरं.

पेढे द्यायला इंदापूरला जावं म्हणत होते, तेवढ्यात एका सकाळी तिकडूनच फोन आला. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. फोनवर माझाच आवाज. आता मी दचकले नाही.

"मिळाला प्रवेश? छान झालं गं."

"काकू, सर कसे आहेत?"

"ते विसरले नाहीत," माझा आवाज म्हणाला.

मला आधी कळलंच नाही.

"सख्ख्या भावाला ओळखत नाहीत. जेवल्याचं लक्षात नसतं. पण हे पक्कं धरून बसलेत. दुसऱ्या दिवशी मी कोट घालून बसले, म्हटलं, आले सर. तर म्हणतात, कोण? ती गेली शिकायला. मी हरकत नाही म्हटलं तिला. रोज तेच. आवाज अगदी तुझा काढला, तर म्हणाले, बाई, कुणाची नक्कल करू नये."

"मी येते, काकू. आजच येते. सांगते त्यांना, की रद्द झालं, मी कुठं जात नाही."

"नको. तू त्यांना पक्षकार वाटशील."

चिमटे माझ्या हातात तसेच होते. मग त्यांनी विचारलं, "मुलाखतीत आबांचं विचारलं का गं?"

"विचारलं."

"काय सांगितलंस?"

"मी केलं म्हणून सांगितलं, काकू."

"नीट सांगितलंस? चिडले होते, मग ऐकलं, ते सांगितलंस?"

"सगळं सांगितलं. त्यांना फार आवडलं."

"मग झालं," काकू म्हणाल्या. तेवढे दोन शब्द त्यांच्या स्वतःच्या, चिरक्या, बारीक आवाजात होते. फोन बंद झाला. नंतर मी त्या नंबरवर पुष्कळदा फोन केला. दर वेळी काकूच उचलतात, आणि माझा आवाज पुन्हा कधी आला नाही.